कॅसेट आत जाते, क्षणात बाहेर येते: मिनीडीव्ही कॅमकॉर्डर हाताळताना या चुका टाळा

लग्नाच्या आणि बारशाच्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायचे एकदा मनावर घेतले, की बहुतेकांना आधी कॅमेराच आडवा येतो. कॅसेट आत जाते, दोन-चार सेकंद घरघर ऐकू येते, पडद्यावर इशारा झळकतो आणि सगळे थांबते. सोनीच्या कॅमेऱ्यांत हा इशारा बहुधा सी:३१ किंवा सी:३२ ने सुरू होणाऱ्या आकड्यांचा असतो. इतर कंपन्यांचे कॅमेरे कॅसेट बाहेर काढा असे शब्दांत सांगतात. बॅटरी काढून पुन्हा लावली की कॅमेरा सुरळीत चालतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच रडगाणे सुरू होते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बॅटरी काढून लावण्यालाच दुरुस्ती समजणे. सोनीच्या माहितीपुस्तिकेत हा उपाय दिलेला आहे हे खरे, परंतु तो एखाद्या वेळच्या अडथळ्यापुरता आहे. बिघाड वारंवार होत असेल तर कॅमेरा नेमक्या कोणत्या टप्प्यावर थांबतो, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कॅसेट आत गेल्यावर आधी तिचा पाळणा, म्हणजे कॅसेट धरून ठेवणारा कप्पा, खाली बसतो. मग लोडिंग मोटर दोन खुंट्यांच्या साहाय्याने फीत कॅसेटमधून बाहेर ओढून ड्रमभोवती, म्हणजे फितीवरचे चित्र वाचणारे हेड ज्यावर बसवलेले असते त्या फिरत्या नळकांड्याभोवती, गुंडाळते. ड्रम मिनिटाला ९००० फेऱ्यांच्या गतीने फिरू लागतो. आणि शेवटी कॅप्स्टन नावाचा फिरता दांडा व त्यावर दाबला जाणारा रबरी रोलर फीत सेकंदाला सुमारे १९ मिलिमीटर वेगाने पुढे नेतात. पुढे आलेली फीत गुंडाळून घेण्याचे काम उजवीकडच्या रिळाचे असते. दोन्ही रिळे फिरत आहेत की नाहीत यावर संवेदकांची नजर असते, आणि रीळ फिरल्याची खूण मिळाली नाही तर फीत आत पसरू नये म्हणून यंत्रणा स्वतःच थांबते.

त्यामुळे कान देऊन ऐकावे. पाळणा खाली बसताना किंवा फीत ओढली जातानाच आवाज अडखळला, तर संशय लोडिंग मोटर, तिचे दातेरी चाक, वाळून घट्ट झालेले ग्रीस किंवा यंत्रणा कोणत्या स्थितीत आहे हे सांगणाऱ्या मोड स्विचवर घ्यावा. ड्रमचा बारीक, एकसुरी आवाज नीट येऊन चित्र दोन सेकंद दिसले आणि मग सगळे बंद पडले, तर दोष बहुधा रिळाकडे आहे. याची खात्री कॅसेट बाहेर आल्यावर करता येते. कडेची छोटी कळ नखाने दाबून पुढचे झाकण उचलावे आणि फितीकडे तिरक्या प्रकाशात पाहावे. फीत सैल लोंबत असेल तर उजवे रीळ ती ओढून घेत नव्हते. खालची कड लाटेसारखी चुरगळलेली दिसली, तर फीत मार्ग सोडून वर-खाली सरकते आहे, आणि त्यात रबरी रोलर कडक व गुळगुळीत झाल्याची शक्यता मोठी असते.

ही तपासणी करताना घरातली एकुलती एक लग्नाची कॅसेट वापरणे हा शुद्ध अविचार आहे. चाचणीसाठी टाकाऊ कॅसेट वेगळी ठेवावी. ती सलग अर्धा तास विनातक्रार चालेपर्यंत मोलाची कॅसेट कपाटातच राहू द्यावी. कुठल्याही कॅसेटची कड एकदा चुरगळली की तेवढ्या भागातले चित्र चौकोनांत फुटते आणि आवाज तुटतो.

दुसरी सर्रास होणारी चूक म्हणजे प्रत्येक बिघाडावर क्लीनिंग कॅसेट फिरवणे. हेड मळले असेल तर चित्रावर चौकोन येतात किंवा निळा पडदा दिसतो, आणि सोनीचा कॅमेरा त्यासाठी सी:२२ हा वेगळा इशारा देतो. फीत ओढणाऱ्या यंत्रणेतल्या दोषाशी या कॅसेटचा काहीही संबंध नाही. क्लीनिंग कॅसेट हेड घासूनच साफ करते, म्हणून ती पाकिटावर लिहिलेल्या काही सेकंदांपलीकडे चालवू नये आणि मागे गुंडाळून पुन्हा वापरू नये. कापसाची काडी ड्रमवर फिरवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा: तिचे तंतू हेडच्या सूक्ष्म टोकात अडकतात, आणि वर-खाली घासल्यास हेड तुटू शकते.

दमटपणाची गोष्ट आणखी वेगळी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात, अथवा वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणल्यावर, ड्रमवर बाष्प धरते आणि ओली फीत त्याला चिकटते. सी:२१ हा इशारा त्यासाठीच असतो. अशा वेळी कॅसेट काढून, झाकण उघडे ठेवून किमान तासभर थांबावे. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती कॅसेट चांगल्या कॅमेऱ्यात घालूच नये, कारण बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटवरही जाते.

काही चुका अगदी लहान असतात. पाळणा बंद करताना त्यावर दाबण्याची जागा छापलेली असते. ती सोडून कडेला जोर दिला की पाळणा तिरका बसतो आणि पुढची सगळी गडबड तिथून सुरू होते. जुन्या बॅटरीचा विद्युतदाब फीत ओढण्याच्या क्षणी ढासळतो आणि यंत्रणा अर्ध्यावर अडकते, म्हणून यंत्राला दोष देण्याआधी मूळ अडॅप्टरवर चालवून पाहावे.

कॅमेऱ्याला चापट मारल्यावर तो चालू होतो, हा अनुभव खोटा नाही. मोड स्विचचे मळके संपर्क किंवा घट्ट झालेले चाक धक्क्याने तात्पुरते सुटते. गंजावर फवारायचे तेल आत मारणे मात्र त्याहून वाईट. ते रबरी रोलरवर पसरले की फीत घसरू लागते, आणि मग साध्या ग्रीसच्या बिघाडाचे रूपांतर संपूर्ण यंत्रणा बदलण्यात होते. जुने ग्रीस पुसून नवे लावणे हे काम पाळणा आणि बाजूचे आवरण उतरवल्याशिवाय होत नाही. ज्यांनी बारीक स्क्रू आणि रिबन केबल कधी हाताळलेली नाही, त्यांनी ते जाणकार कारागिराकडेच द्यावे, आणि कॅमेरा कोणत्या टप्प्यावर थांबतो ही टिपलेली माहिती सोबत द्यावी. फीत आतच अडकली असेल तरीही हाच नियम: ती चिमट्याने ओढू नये, कारण तुटलेल्या फितीपेक्षा वाकलेली खुंटी दुरुस्त करणे कठीण असते.

बिघडलेला कॅमेरा भंगारात देण्याआधी कॅसेट एलपी वेगाने, म्हणजे एकाच फितीवर जास्त वेळ मावावा म्हणून फीत हळू चालवून, भरलेल्या आहेत का, हे पाहावे. एसपीमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगात, चित्राचा प्रत्येक पट्टा १० मायक्रॉन रुंद असतो, तर एलपीमध्ये तो ७ मायक्रॉनच्याही खाली जातो. त्यामुळे अशी कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात पुष्कळदा नीट वाचली जात नाही. तशा कॅसेट असतील तर उसना किंवा जुन्या बाजारातला कॅमेरा शोधण्यापेक्षा चित्रीकरण केलेलाच कॅमेरा दुरुस्त करून घेणे अधिक सोयीचे पडते, आणि तो चालू झाल्यावर प्रत्येक कॅसेट पुढे-मागे न पळवता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात उतरवून घ्यावी.