ओपिऑइडचा ओव्हरडोस: आधी श्वास, मग नॅलोक्सोन

बेशुद्ध रुग्ण, मिनिटाला १२ पेक्षा कमी श्वास आणि डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दिसल्या की मॉर्फिन, हेरॉइन किंवा फेंटानिल अशा ओपिऑइडचा, म्हणजे अफूसारखी गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकाचा, संशय घ्या. सर्वांत भरवशाचं लक्षण मंद श्वास. पेथिडीन किंवा ट्रामाडॉल या ओपिऑइडमध्ये बाहुल्या नेहमीसारख्याही असू शकतात, त्यामुळे केवळ त्यावरून निदान नाकारू नका.

नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडवरचा उतारा, शोधण्यात वेळ घालवू नका. हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करा, बॅग-मास्कने (हाताने दाबायच्या पिशवीच्या मास्कने) ऑक्सिजन द्या. नाडी नसेल तर लगेच सीपीआर (छाती दाबून कृत्रिम श्वास देणं). रक्तातली साखर तपासाच. ती उतरलेला रुग्णही असाच निपचित पडतो.

नॅलोक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची एक अँप्यूल सलाईन घालून १० मिली करा. प्रत्येक मिलीत ०.०४ मिलिग्रॅम येतं. शिरेतून १ मिली द्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी डोस वाढवत न्या. श्वास थांबलाच असेल तर सुरुवात ०.४ ते २ मिलिग्रॅमने. शीर मिळत नसेल तर स्नायूत द्या.

रुग्णाने नीट श्वास घ्यावा, एवढंच साधायचं आहे. त्याला खडबडून जागं करायचं नाही. व्यसनी रुग्णाला एकदम मोठा डोस दिला तर उलट्या आणि तडफड सुरू होते, उलटी फुप्फुसात जाऊ शकते. १० मिलिग्रॅमनंतरही फरक नसेल तर दुसरं कारण शोधा.

सर्वांत घातक चूक पुढे होते: रुग्ण बोलू लागला म्हणून घरी सोडणं. नॅलोक्सोन ३० ते ९० मिनिटांत ओसरतं, मेथाडोनसारखं ओपिऑइड त्याहून कितीतरी जास्त टिकतं आणि श्वास पुन्हा मंदावतो. अशा वेळी श्वास आणणाऱ्या डोसचा दोन तृतीयांश भाग दर तासाला इन्फ्युजनने (शिरेतून सतत थेंबथेंब) चालू ठेवा.