न मागवलेलं पार्सल दारात आलं, तर या चुका टाळा

शनिवारी दुपारी वॉचमनचा इंटरकॉम आला, "साहेब, पार्सल आहे. पैसे भरलेले दिसतायत." खोक्यावर वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव, विंग, फ्लॅट नंबर, सगळं बिनचूक. आत निघालं लसूण सोलायचं रबरी नळकांडं. घरात कोणीच मागवलेलं नव्हतं. बायको म्हणाली, "फुकट आलंय ना, मग राहू दे की." नळकांडं ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये गेलं आणि विषय मिटला.

मिटला असं आम्हाला वाटलं. सोमवारी सकाळी दुसरंच काहीतरी शोधताना मेसेज वर सरकवले, तर आदल्या शुक्रवारी पहाटे पावणेतीनला माझ्या क्रेडिट कार्डावरून कुठल्याशा परदेशी साइटने ८४ रुपये घेतले होते. चार मिनिटांनी १८,४०० रुपये. दोन्ही मेसेज वेळेवर आले होते. कर्ज घ्या, ऑफर संपतेय, केवायसी करा, या गर्दीत मी ते उघडलेच नव्हते.

खोक्यातच अडकून पडणं

ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागाची. पार्सल आलं की आपण आत काय आहे ते बघतो, हसतो, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. खरा प्रश्न वेगळा असतो: माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर एकत्र कोणाकडे आहे?

स्वस्तातली वस्तू कोणी फुकट का पाठवेल, याचं एक सरळ उत्तर आहे. ऑनलाइन दुकानात काही विक्रेते दुसऱ्यांच्या नावाने स्वतःच ऑर्डर देतात, दोन-पाच रुपयांचा माल खऱ्या पत्त्यावर पाठवतात आणि 'खरेदी केलेल्या ग्राहका'च्या नावाने पाच तारे देऊन टाकतात. याला ब्रशिंग म्हणतात. २०२० मध्ये अमेरिकेत घरोघरी न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटं येऊ लागली, तेव्हा तिथल्या कृषी खात्याने 'पेरू नका' असं सांगितलं होतं. तोही बहुधा हाच प्रकार होता.

ब्रशिंगमध्ये खिशातून काही जात नाही. पण पत्ता माहितीच्या ज्या गठ्ठ्यातून बाहेर पडला, त्यात कार्डाचा नंबरही असू शकतो. म्हणून पार्सल हातात असतानाच चार गोष्टी करा. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन महिन्याभराचे कार्डाचे व्यवहार बघा, अगदी दहा-वीस रुपयांचेसुद्धा. शॉपिंग ॲपमधल्या ऑर्डरी तपासा, लपवून ठेवलेल्या म्हणजे अर्काइव्ह केलेल्यासुद्धा. त्या ॲपचा पासवर्ड बदला. लेबलचा फोटो काढून ठेवा. खोक्यात 'कोणी पाठवलं ते जाणून घ्या' असा क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करू नका.

'ओटीपी आला नाही म्हणजे पैसे जाणार नाहीत'

ही समजूत माझीही होती. भारतातल्या साइटवर कार्ड वापरलं की साधारणपणे ओटीपी लागतो. परदेशातल्या बऱ्याच दुकानदारांना नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. आधी ८४ रुपये का? कार्ड चालतंय का, हे बघायला. ते गेले की मोठी रक्कम येते. म्हणजे ती किरकोळ रक्कम हीच खरी घंटा असते, आणि 'जाऊ दे, कशाचं तरी असेल' म्हणून आपण तीच सोडून देतो.

परदेशी व्यवहार बंद-चालू करायची सोय ग्राहकाला द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना जानेवारी २०२० मध्येच सांगितलं आहे. ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ते बटण असतं. परदेशी जाणार नसाल तर आजच बंद करा. माझं चालूच होतं.

दारातच 'कॅन्सल' करायला जाणं

कॅश ऑन डिलिव्हरीच्या पार्सलचा खेळ वेगळा. माणूस ७०० रुपये मागतो, तुम्ही म्हणता मागवलंच नाही. तो अगदी नम्रपणे फोन लावून देतो, "कस्टमर केअरशी बोला, ऑर्डर कॅन्सल करून देतील." पलीकडचा म्हणतो, एक ओटीपी येईल तो सांगा. तो मेसेज पूर्ण वाचा. त्यात रक्कम लिहिलेली असेल तर तो पैसे काढायचा ओटीपी आहे. न मागवलेलं पार्सल नाकारायला कुठलाच ओटीपी लागत नाही. नको म्हणायचं आणि दार लावायचं. *२१* किंवा *४०१* ने सुरू होणारा नंबर फिरवायला सांगितला तरी फिरवू नका, त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात.

आजी-आजोबा दिवसभर एकटे असतात त्या घरांत हा धोका जास्त. 'मुलाने मागवलं असेल' म्हणून ते पैसे देऊन टाकतात. आमच्या सोसायटीत आता ठरलंय, ज्याचं पार्सल त्याने गेटवर आधी सांगायचं.

दिवस मोजण्यात चूक

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथे कामाला येतं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच घोळ केलाय, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलंत की तुमच्यावर भार शून्य. मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत. कामाचे चार ते सात दिवस लागले तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डावर २५,००० रुपये तुमच्या माथी येऊ शकतात. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण लागू. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

शुक्रवारचा मेसेज, सोमवारचा बँकेला फोन. मी बसलो तीन दिवसांत, पण हुशारीने नव्हे.

आणि त्या फोनवर पहिल्या बाईंनी 'स्टेटमेंट येऊ द्या, मग तक्रार करा' असं सांगितलं. ऐकू नका. कार्ड लगेच ब्लॉक करा, तक्रार क्रमांक मागा, तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीमागून घ्यायचा. गुगलवर शोधलात तर तिथेही भामटेच बसलेले असतात. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार. परिपत्रकाप्रमाणे बँकेने कळवल्यापासून कामाच्या १० दिवसांत तेवढी रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा टोलवाटोलवी केली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

रागाच्या भरात अख्खं बिल थांबवू नका. वादातली रक्कम वगळून बाकीचं वेळेवर भरा.

अमेरिकेत असाल तर थोडं निराळं. तिथे चोर कधीकधी महागडा फोन मुद्दाम तुमच्याच पत्त्यावर मागवतो, कारण कार्डाचा आणि पार्सलचा पत्ता जुळला की शंका येत नाही. मग 'चुकून आलं, आमचा माणूस घ्यायला येतोय' असा फोन येतो, नाहीतर पोर्चमधूनच खोकं गायब होतं. त्या माणसाच्या हातात काही देऊ नका, बँकेला आणि दुकानाला स्वतः फोन करा. तिथल्या कायद्याने वादाची लेखी तक्रार स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत करायची असते.

नवीन कार्ड आठवड्याने आलं, नंबर बदललेला. जुन्या कार्डावर लावलेलं वीजबिल त्या महिन्यात भरलंच गेलं नाही, ते थकबाकीचा मेसेज आल्यावर कळलं. तो मेसेज मात्र मी उघडला.