गोव्यातली घर-जमीन आणि सहीच्या चुका

सावंतवाडीचा मामा किंवा पुण्याचा मेहुणा कायदा सांगायला लागला की थोडं थांबा. त्याचं त्याच्या गावी बरोबर असेल. गोव्यातल्या हिंदूंना वारसाहक्कासाठी हिंदू उत्तराधिकार कायदा लागत नाही. इथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले नियम चालतात आणि वारसाहक्कापुरता 2012 चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे. तो सगळ्या धर्मांना सारखाच.

सगळ्यात जास्त घोळ मृत्युपत्रात. ‘घर माझ्या नावावर आहे, धाकट्याला देऊन टाकतो’ असं म्हणून चालत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर घर नवरा-बायकोचं निम्मं-निम्मं. कागदावर कोणाचंही नाव असो. आपल्या निम्म्यातलाही निम्माच भाग मर्जीने देता येतो. म्हणजे एकूण घराची चौथाई! आपल्या निम्म्यातला बाकीचा भाग मुलांचा आणि त्यात मुलगी मुलग्याच्या बरोबरीने. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदार घेतले की झालं, असंही नाही. मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे, म्हणजे इथे सब-रजिस्ट्रारपुढे करायचं.

वडील गेल्यावर आई ‘वारसांपैकी एक’ म्हणून मोजली जाते, हीही चूकच. तिचा निम्मा वाटा आधीपासून तिचाच. तीन मुलं असतील तर वडिलांच्या निम्म्याचे तीन भाग, प्रत्येकाला घराचा सहावा हिस्सा. मुलांचे वाटेही वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोत निम्मे-निम्मे, म्हणून विक्रीच्या वेळी सुनेची आणि जावयाचीही सही लागते. ‘जावयाचा काय संबंध?’ हा प्रश्न सब-रजिस्ट्रारच्या टेबलापाशी पडण्यापेक्षा घरीच सुटलेला बरा.

लग्नात बहिणीकडून स्टॅम्प पेपरवर ‘हक्क सोडला’ असं लिहून घेणारे अजून भेटतात. आईवडील हयात असताना होऊ घातलेला वारसा सोडता येत नाही. त्या कागदाला किंमत नाही.

लग्नाचंही तसंच. मांडव, अक्षता, फोटो झाले तरी सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या दोन सह्या हव्यातच. पहिली लग्नाच्या इराद्याची, दुसरी नोंद पक्की करण्याची. दुसरी राहिली असेल तर लग्नाची नोंद झालेलीच नाही, आणि पहिली सही जुनी झाली असेल तर पुन्हा करावी लागेल का, ते तिथेच विचारा.

आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद) म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर गेलेल्या आजोबांचं नाव असेल तर आधी वारसनोंद किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) करून घ्या, मग गिऱ्हाईक बघा. आजोबांनी दिलेली पॉवर ऑफ अटर्नी त्यांच्याबरोबरच संपली.