हॉटेलच्या खोल्यांमधले कॉफी पॉड कमी कसे करायचे

पहिलं काम मोजणीचं, आणि ती खरेदीच्या बिलांवरून करू नका. बिलात आलेले पॉड (मशीनमध्ये घालायच्या, एका कपाची पूड भरलेल्या बंद वाट्या) दिसतात, गेले कुठे ते दिसत नाही. आठवडाभर प्रत्येक मजल्याच्या रूम चेकलिस्टमध्ये चार रकाने वाढवा: ठेवलेले, मशीनमध्ये वापरलेले, पाहुण्याबरोबर गेलेले, आणि न उघडताच आपणच फेकलेले. चौथा रकाना भरायला कोणी राजी नसतं, पण खरी गंमत तिथेच असते. चेकआउटनंतर ट्रे नव्याने मांडायचा या सवयीने शाबूत पॉडही कचऱ्याच्या पिशवीत जातात. झाकणाची फॉइल फुगलेली, चेपलेली किंवा टोचलेली नसेल आणि तारीख बाकी असेल तर तो पॉड पुसून परत ट्रेवर जाऊ शकतो. एवढं एक वाक्य हाउसकीपिंगच्या एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी नियमावलीत, लिहून ठेवा.

आकडा मालकांसमोर ठेवायचा असेल तर सोपा हिशोब करा. १०० खोल्या, त्यातल्या ७० टक्के भरलेल्या, खोलीमागे रोज २ पॉड: दिवसाला १४०, वर्षाला ५१,१००. रिकामा, कोरडा प्लॅस्टिक पॉड ३ ग्रॅमचा धरला तरी वर्षाला १५३ किलो प्लॅस्टिक होतं. (तुमचा पॉड किती ग्रॅमचा, ते किचनच्या काट्यावर बघून घ्या.) वजनापेक्षा घडण जास्त नडते. प्लॅस्टिकची वाटी, तिला चिकटलेली फॉइल आणि आत ओला चोथा. ओल्या कचऱ्यात टाकला तर प्लॅस्टिक जातं, सुक्यात टाकला तर चोथा गळून शेजारचा कागद खराब करतो.

खर्च न करता होणारी कपात

ट्रेवर पॉड ठेवणं बंद करा आणि मागितल्यावर द्या. मशीन खोलीत राहू दे. शेजारी मराठी, हिंदी, इंग्रजीत छोटं कार्ड: कॉफीसाठी अमुक नंबर फिरवा, दहा मिनिटांत आणून देऊ. ही दहा मिनिटं पाळता आली नाहीत तर योजना पहिल्याच आठवड्यात बंद पडते, म्हणून साठा तळमजल्याच्या स्टोअरमध्ये न ठेवता प्रत्येक मजल्याच्या पॅन्ट्रीत ठेवा. अडचण येते पहाटे. पुण्यात लोहगाव विमानतळावरून सकाळचं विमान पकडणारे पाहुणे साडेचारला कॉफी मागतात आणि तेव्हा मजल्यावर कोणी नसतं. त्यावर उपाय म्हणजे रात्रीच्या फेरीतच, लवकरच्या वेक-अप कॉलची यादी बघून, फक्त त्या खोल्यांना पॉड देऊन ठेवणं.

बदली म्हणून काय घेऊ नये

कंपोस्टेबल पॉडची जाहिरात मोहात पाडते. पण असे बरेचसे पॉड पीएलएचे (वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकचे) असतात आणि ते कुजायला औद्योगिक कंपोस्टिंगमधलं ५५ ते ६० अंशांचं तापमान बरेच आठवडे टिकावं लागतं. हॉटेलच्या मागच्या खड्ड्यात किंवा रोज भरून रिकाम्या होणाऱ्या ओडब्ल्यूसी (ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या) मशीनमध्ये तसं होत नाही. खत चाळताना पॉड जसेच्या तसे वर येतात. विक्रेत्याकडे आयएस १७०८८ चं (कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या भारतीय मानकाचं) प्रमाणपत्र मागा, आणि ते मिळालं तरी तुमचा ओला कचरा नेमका कुठे जिरतो हे आधी बघा.

इन्स्टंट कॉफीचे सॅशे तर अजिबात नकोत. ते प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेले असतात, भंगारवालाही घेत नाही. बरोबरचे दूध पावडरचे आणि साखरेचे सॅशे धरले तर पॉडपेक्षा कपामागे जास्त तुकडे होतात.

पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल चांगली वस्तू आहे, पण खोलीसाठी नाही. पूड जरा जाड झाली की कॉफी पाणचट होते, फार बारीक झाली की पंप अडकतो, आणि रबरी कडेवर चार कण राहिले तरी बाजूने पाणी गळतं. एकच माणूस दिवसभर मशीन सांभाळतो अशा लाउंजमध्ये ती चालते.

खोलीत काय ठेवावं

आमच्या मते ३५० मिलीचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा फ्रेंच प्रेस (पूड पाण्यात भिजवून जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) आणि १८ ग्रॅम पुडीची गॅस्केटवाली स्टीलची डबी. काचेचे प्रेस दिसतात छान, पण बेसिनवर आपटून फुटतात. १८ ग्रॅमला ३०० मिली पाणी, म्हणजे दोन कप. पूड जाडसर, रव्यासारखी हवी. फिल्टर कॉफीची बारीक पूड घातली तर जाळीतून गाळ उतरतो आणि दांडा खाली दाबताना गरम पाणी वर उडतं. हे दुसरं जास्त धोक्याचं, त्यामुळे दळणाच्या बाबतीत तडजोड नको.

कार्डावर कृती तीन ओळींची पुरे. केटल उकळली की अर्धा मिनिट थांबा, पाणी ओतून एकदा ढवळा, चार मिनिटांनी दांडा सावकाश दाबून लगेच कपात ओता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. अर्ध्या मिनिटात ते कॉफीला हव्या त्या ९३ ते ९६ अंशांवर येतं. प्रेसमध्येच ठेवलेली कॉफी कडवट होत जाते, आणि तक्रार मात्र कॉफीच्या नावाने येते.

डब्या रोज सकाळी पॅन्ट्रीत भरा. झाकणावर तारखेची कागदी पट्टी आडवी चिकटवा, म्हणजे ती फाटली की डबी उघडली हे कळतं आणि पाहुण्यालाही भरवसा वाटतो. पट्टी शाबूत असलेली डबी तीन दिवस चालवा, चौथ्या दिवशी ती पूड स्टाफच्या कॉफीला. फाटलेली असेल तर उरलेली पूड टाकायची, परत भरायची नाही.

धुणं, म्हणजे खरा प्रश्न

पॉड सोडायचे ठरवलेलं हॉटेल महिनाभरात पुन्हा पॉडवर येतं ते चवीमुळे नाही, धुण्यामुळे. प्रेस खोलीच्या बाथरूममध्ये धुवायचा नाही. चोथा बेसिनच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या पाइपात) साचतो आणि प्लंबरला बोलवावं लागतं. ट्रॉलीवर झाकणाचा एक डबा ठेवा, चोथा रबरी उलथन्याने त्यात काढा, घाणेरडा प्रेस क्रेटमध्ये, स्वच्छ प्रेस खोलीत. धुणं किचन स्टुअर्डिंगकडे, म्हणजे भांडी धुणाऱ्या विभागाकडे. त्यासाठी चादरी-टॉवेलसारखाच थ्री पारचा साठा लागतो: एक खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात. दांड्याच्या टोकाचे तीन भाग (जाळी, स्प्रिंगची चकती, खालची चकती) रोज उघडून धुतले पाहिजेत. नुसतं वरून विसळलं तर जाळीत कॉफीचं तेल राहतं आणि आठवड्यात खवट वास येतो. खोलीमागे दोन-तीन मिनिटं वाढतील असं धरूनच ड्युटी चार्ट लावा. तीच माणसं, तेवढ्याच खोल्या आणि वर हे काम, असं केलं तर जाळी कोणी उघडणार नाही.

केटलचंही तेच. टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या हॉटेलात तळाला पांढरा थर लवकर धरतो. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून उकळा, वीस मिनिटं ठेवा, दोनदा विसळा. खडकवासल्याचं नळाचं पाणी असेल तर हे महिन्यातून एकदा पुरेल, बोअरच्या पाण्याला दर आठवड्याला.

बरेच पाहुणे खोलीत कॉफी करायच्या भानगडीत पडतच नाहीत. त्यांच्यासाठी रूम सर्व्हिसमधून फिल्टर कॉफी: ४० ग्रॅम चिकोरीमिश्रित पूड, २०० मिली गरम पाणी, वीस मिनिटांत डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) उतरतं. कपाला ४० मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध. थर्मास आधी उकळत्या पाण्याने गरम करून घ्या. डिकॉक्शन चार तासांपलीकडे बाहेर ठेवू नका. दूधही छोट्या स्टीलच्या जगमधून द्या; पॉड काढून क्रीमरच्या प्लॅस्टिक वाट्या ठेवल्या तर काय उपयोग?

जे पॉड उरतील त्यांचं

पॅन्ट्रीत पॉडसाठी वेगळा, जाळीचा तळ असलेला डबा ठेवा, म्हणजे पाणी निथळतं. अॅल्युमिनियमचे पॉड कापून चोथा काढला आणि विसळले की भंगारात जातात, पण मूठभर कोणी घेत नाही. दोन-तीन पोती साठू द्या. प्लॅस्टिकच्या पॉडची फॉइल सोलून वाटी धुवावी लागते. तुमच्याकडे सुका कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक नेत असतील, तर हा माल त्यांना विकता येतो का हे त्यांनाच विचारा, आणि ओला चोथा भरलेला पॉड त्यांच्या हातात देऊ नका.

चोथा आवारातल्या खतात जिरतो, मात्र एकूण ओल्या कचऱ्याच्या पाचव्या भागाहून जास्त नको, आणि बरोबर तेवढाच वाळलेला पालापाचोळा हवा. नुसता चोथा घट्ट बसतो, हवा आत जात नाही, आणि वास सुटतो. माळीबुवा तो थेट कुंड्यांत टाकू बघतील. वर पपडी धरते आणि पाणी मुळांपर्यंत उतरत नाही, तेव्हा आधी कुजवूनच वापरा.

या सगळ्याआधी एक कागद काढून वाचा: मशीनचा करार. मशीन भाड्याने किंवा फुकट मिळालं असेल तर बदल्यात महिन्याला किमान इतके पॉड घ्यायची अट असू शकते. तशी अट असेल तर मुदत संपेपर्यंत एकाच मजल्यावर प्रेस लावा, बाकी मजल्यांना मागितल्यावर पॉड द्या. साखळी हॉटेल असेल तर ब्रँड स्टँडर्डमध्ये खोलीत मशीन सक्तीचं आहे का तेही बघा; असेल तर त्या एका मजल्याचे तीन महिन्यांचे चार रकाने भरून झाल्यावरच सवलतीचा अर्ज वरच्या ऑफिसला पाठवा.