तुळस, सब्जा, रोजमेरी थंडीत घरात आणताय? मग या चुका टाळा

तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या गल्लीत कुंड्या आत यायला लागतात. बेळगावात बर्फ पडत नाही हे खरं, पण डिसेंबर-जानेवारीतलं पहाटेचं वारं लई बोचरं असतं आणि पारा १० अंशांकडं उतरला की सब्जाची पानं काळी पडतात, पानओवा देठापासून मऊ पडतो. म्हणून आत आणणं बरोबरच आहे. पण आणल्यानंतर जे चालतं ते बघून दरवर्षी जीव तुटतो.

सगळ्यात जास्त झाडं पाण्यानं मरतात. बाहेर उन्हात रोज तांब्याभर घालत होतो म्हणून आत पण रोज तांब्याभर! अहो आत ऊन नाही, वारं नाही, थंडीत वाढ पण थांबलेली, मग ते पाणी पिणार कोण? मी स्वतः एक सुंदर रोजमेरी अशीच घालवलीय. येळ्ळूरकडच्या शिवारातली काळी माती आणून कुंडी भरली, तिकडं भात एवढा झकास येतो म्हणून, आणि खाली प्लेट ठेवली. पण भाताला जी ओल धरून ठेवणारी माती हवी तीच रोजमेरीचा जीव घेते. खालची पानं तपकिरी व्हायला लागली, मला वाटलं तहानलीय, अजून पाणी घातलं. शेवटी उपटून बघितलं तर मुळं काळी, बुळबुळीत आणि कुजका वास. सुकलेलं झाड आणि सडलेलं झाड वरून सारखंच दिसतं, हे तेव्हा कळलं. आता मी खानापूरकडची लाल माती, वाळू आणि शेणखत मिसळते, रोजमेरीला वाळू जरा जास्तच. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, ते पण सकाळी, आणि प्लेटमधलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाकायचं. "आठवड्यातून किती वेळा घालू?" असं विचारू नका, बोट घाला.

दुसरं म्हणजे जागा. फ्रीजवर, टीव्हीशेजारी कुंडी छान दिसते, पण झाड उजेडावर जगतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो म्हणून दक्षिणेची खिडकी बघा, आणि कुंडी तिला चिकटून ठेवा, खोलीत चार फूट आत सरकवली तरी उजेड लई कमी होतो. आणि उन्हातून एकदम आत नको, आधी आठवडाभर व्हरांड्यात. संक्रांतीनंतर बाहेर काढताना पण तसंच.

कढीपत्त्याची पानं गळाली म्हणून आमच्या वहिनींनी चांगलं कमरेएवढं झाड टाकून दिलं. थंडीत तो पानं गाळतो हो! नखानं साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, होळीपर्यंत थांबा की.

थंडीत खत नको. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा. पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण, लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि साबणाचे दोन थेंब, पानांच्या खालून फवारा. ते झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आणि पुदिना एका चटणीसाठी बुडापासून भादरू नका. वरची टोकं खुडा, खालचे दोन-तीन पेर राहू देत, तिथूनच नवीन फूट येते.