मोठी क्रोशाची चादर विणताना धीर टिकवायचा तर

खरा कंटाळा विणण्याचा नसतो, उसवण्याचा असतो. लांब ओळीत चूक उशिरा कळते. म्हणून पहिल्याच ओळीत दर 20 खांबांवर (खांब म्हणजे सुईवर दोरा घेऊन विणलेला उभा टाका) रंगीत दोऱ्याची खूण अडकवा आणि तेवढ्याच तुकड्यात मोजा. कडा आत जायला लागली, तर समजा की ओळीचा शेवटचा खांब राहतोय. ओळ वळताना घातलेल्या 3 साखळ्या (साखळीचे टाके) पहिला खांब म्हणून धरल्या असतील, तर परतताना शेवटचा खांब तिसऱ्या साखळीतच घालायला हवा.

उठताना ओळ पुरी करा, फास सैल ओढून सेफ्टी पिनमध्ये अडकवा. बसल्यावर जिथून विणायला सुरुवात केलीत तिथे कडेला वेगळा दोरा बांधा. त्या दिवसाचं दोन बोटं काम डोळ्यांना दिसतं, आणि ते फार सुखाचं असतं. दोऱ्याची टोकं मात्र त्याच बैठकीत बोथट सुईने लपवा.