गाडीतील स्टिरिओचे फर्मवेअर (यंत्र चालवणारी आतली मूळ आज्ञावली) अद्ययावत करताना
सर्वप्रथम सेटिंग्जमध्ये दिसणारा मॉडेल क्रमांक आणि सध्याची आवृत्ती कागदावर अक्षरशः उतरवून घ्यावी, कारण शेवटच्या एका अक्षराच्या फरकानेही नव्या फर्मवेअरची फाइल वेगळी असू शकते. फाइल केवळ उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. ती स्टिरिओत नेण्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा पेन ड्राइव्ह पुरतो. बहुतेक स्टिरिओंना तो फॅट३२ (फाइली साठवण्याची एक रचना) पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. फाइल झिप स्वरूपात असल्यास सूचनेप्रमाणे उलगडावी आणि आतल्या फाइलचे नाव मुळीच बदलू नये.

खरा धोका विजेचा आहे. नवे फर्मवेअर लिहिले जात असताना पुरवठा तुटला, तर जुने पुसलेले आणि नवे अपुरे अशा अवस्थेत यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. माझ्या स्टिरिओच्या पडद्यावरील पट्टी ९० टक्क्यांवर बराच वेळ थबकली होती. किल्लीकडे गेलेला हात मी आवरला, आणि काही मिनिटांनी स्टिरिओ आपोआप पुन्हा सुरू झाला. बॅटरी जुनी असल्यास इंजिन चालू ठेवावे, मात्र इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये कदापि नाही, कारण बंदिस्त जागेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

शेवटी आवृत्ती क्रमांक ताडून पाहावा आणि पुसली गेली असल्यास रेडिओ केंद्रे व ब्लूटूथ जोडण्या पुन्हा भराव्यात.